हरिपूरच्या रस्त्याला सायकल शिका

साताऱ्याच्या भगिनी म्हणतात, आमच्याकडे चढच चढ. खरे आहे, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला नवशिक्याचा दमच निघतो. सांगलीकरांना मात्र ही सबब नाही. सांगलीहून हरिपूरला जाणारा रस्ता सपाट आहे, कडेला चिंचेची जुनी झाडे. अंतर जेमतेम चार किलोमीटर, पुढे कृष्णा-वारणेचा संगम. उजाडता उजाडता निघा, वर्दळ कमी असते. पावसाळ्यात कृष्णा फुगली की तिकडे फिरकू नका.

१९०१ साली मसूर स्टेशनावर उतरलेल्या बालभीमाला आणि सोबतच्या भावंडांना, जात कळताच गाडीवान नेईनात. दुप्पट भाडे देऊन बैलगाडी पोरांनाच हाकावी लागली. बाबासाहेबांनीच हे लिहून ठेवले आहे. वस्तीतली सून स्वतःच्या चाकावर बसते तेव्हा आम्हाला ते आठवते. लोक हसतात, हसू द्या.

जुनी लेडीज सायकल चालते. ब्रेक आणि हवा तेवढी बघा. सुरुवातीला सीट खाली ठेवा, दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. पदर खोचा, चेनला कव्हर हवेच. चालवताना बोलता आले पाहिजे. धाप लागली तर वेग जास्त आहे. जाऊन-येऊन पाऊण तास धरा. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटे व्यायाम सांगते, तो चार फेऱ्यांत भरतो.

शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी जाऊ नये, खिशात साखरेची पुडी ठेवावी. घाम सुटून हातपाय थरथरले तर उतरा, साखर खा, बसा. छातीत दुखले तर थेट दवाखाना.