चौकोनी टोपी आणि ‘बी.ए. झाला’

हाँगकाँगच्या बोलण्यातील कँटोनीज भाषेत विद्यापीठाची पदवी मिळवण्याला ‘चौकोनी टोपी घालणे’ असे म्हणतात; ही टोपी म्हणजे काळ्या झग्याबरोबर डोक्यावर चढणारी, माथ्यावर सपाट चौकोन आणि बाजूला गोंडा असलेली युरोपीय विद्यापीठांची टोपी होय. हाच वाक्प्रचार शब्दशः मराठीत आणल्यास मात्र अर्थाचा अनर्थ होतो, कारण मराठीत एखाद्याला टोपी घालणे म्हणजे त्याला फसवणे.

मराठीने पदवीसाठी ‘होणे’ हे क्रियापद निवडले. पेण तालुक्यातील जिते हे गाव मुंबई विद्यापीठाच्या क्षेत्रात येते. तिथेही मुलगी ‘ग्रॅज्युएट झाली’ असेच म्हटले जाते, म्हणजे सरपंच होणे किंवा आई होणे यांप्रमाणे पदवी हे माणसाचेच रूपांतर ठरते. १८५७ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठातून १८६२ मध्ये महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे पहिल्या तुकडीत ‘बी.ए. झाले’, आणि पुढे ती दोन अक्षरे ग्रंथांच्या मुखपृष्ठांपासून लग्नपत्रिकांपर्यंत नावाचाच भाग बनली. लिखित मराठीतील ‘पदवीधर’ हा शब्द किंचित निराळा आहे: संस्कृतात ‘पदवी’ म्हणजे मुळात वाट, नंतर दर्जा, आणि तो धारण करणारा तो पदवीधर, येथे रूपांतरापेक्षा धारण करण्यावर भर असल्याने हा शब्द कँटोनीज टोपीच्या अधिक जवळचा वाटतो.

डोक्यावरील वस्त्राशी विद्यासमाप्तीचा संबंध भारतालाही नवा नाही. वेदाध्ययन संपल्यावर विधिपूर्वक स्नान केलेला तो ‘स्नातक’, आणि पारस्कर गृह्यसूत्रात या समावर्तन संस्कारात, म्हणजे गुरुगृहाहून घरी परतण्याच्या विधीत, स्नानानंतर मस्तकाला उष्णीष, म्हणजे पागोटे, गुंडाळण्यास सांगितले आहे. परंतु ते अध्ययन मोजक्या वर्णांपुरतेच होते, ही गोष्ट विसरून त्या पागोट्याचे कौतुक करणे अपुरे ठरेल. म्हणूनच सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने झग्याऐवजी देशी पोशाख आणि पुणेरी पगडी स्वीकारल्यावर २०१९ च्या पदवीप्रदान समारंभात काही विद्यार्थ्यांनी जोतीराव फुले यांच्या पागोट्याचा आग्रह धरला. शतकानुशतके ज्यांना शिक्षण नाकारले गेले, त्यांच्यासाठी विद्येची दारे उघडणाऱ्या माणसाचे पागोटे या विद्यार्थ्यांना पदवी घेताना डोक्यावर हवे होते.