रेणू जुना, स्फटिक नवा

१९७० च्या पेटंट कायद्याने भारतात औषधाच्या रेणूला पेटंट मिळणं बंद झालं. पेटंट मिळे ते फक्त रेणू बनवण्याच्या पद्धतीला, तेही फार तर सात वर्षं. रसायनशास्त्रज्ञांसाठी हे खुलं आव्हानच होतं. वेगळा कच्चा माल, वेगळा उत्प्रेरक, एखादी पायरी कमी, अशी नवी वाट सापडली की तेच औषध राजरोस विकता येई. याला नक्कल म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. स्वस्त आणि शुद्ध उत्पादनाची पद्धत बसवणं हे अस्सल रसायनशास्त्र आहे. त्याच कौशल्याच्या जोरावर मुंबईच्या सिप्लाने २००१ साली एड्सवरचा तीन औषधांचा उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला. पाश्चात्त्य कंपन्या त्यासाठी दहा हजारांच्या आसपास डॉलर घेत होत्या.

जागतिक व्यापार करारामुळे २००५ पासून नियम पालटले. आता रेणूलाच पेटंट, तेही वीस वर्षांचं. मात्र संसदेने एक अट घातली, कलम ३(डी): माहीत असलेल्या पदार्थाचं नवं रूप आणलं, तर त्याची परिणामकारकता लक्षणीय वाढलेली दाखवा, नाहीतर तो शोध नव्हे.

या अटीची कसोटी लागली ती नोव्हार्टिस कंपनीच्या ‘ग्लिव्हेक’ या औषधावर. रक्ताच्या एका कर्करोगात ९ आणि २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते. त्यातून तयार होणारं विकर सतत चालूच राहतं आणि पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात. ग्लिव्हेकमधला इमॅटिनिब हा रेणू या विकराच्या खाचेत बसून त्याचं काम थांबवतो. विलक्षण शोध, यात वाद नाही. पण तो १९९० च्या दशकाच्या सुरुवातीचा. नोव्हार्टिसने भारतात पेटंट मागितलं ते इमॅटिनिबच्या क्षाराच्या ‘बीटा’ स्फटिकरूपासाठी. या रूपात रेणूंची रचना अधिक स्थिर असते, ते ओलावा कमी धरतं, त्यामुळे गोळ्या बनवणं सोपं जातं. गोळी पोटात विरघळली की मात्र स्फटिक उरतच नाही. रक्तात जातो तो जुनाच रेणू. मूळ इमॅटिनिबपेक्षा हे रूप शरीरात ३० टक्के जास्त शोषलं जातं, असा कंपनीचा दावा होता. १ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की औषधाच्या बाबतीत परिणामकारकता म्हणजे रोगावरचा परिणाम. शोषण वाढल्याने तो वाढतो, हे कंपनीने दाखवलेलं नाही. पेटंट नाकारलं गेलं.

संशोधकाच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. नव्या क्षाराचं किंवा स्फटिकाचं पेटंट हवं असेल, तर त्याची रचना दाखवणारे एक्स-रे आलेख पुरत नाहीत. रोगावर फरक पडल्याचे पुरावे अर्जाला जोडावे लागतात. ही मागणी मला रास्त वाटते.

अशाच आणखी एका प्रकरणात, मार्च २०२३ मध्ये, मुंबईच्या पेटंट कार्यालयाने क्षयरोगावरच्या बेडाक्विलिन या औषधाच्या एका क्षाराचा पेटंट अर्ज फेटाळला. क्षयातून बऱ्या झालेल्या दोन तरुणींनी त्याला हरकत घेतली होती. उपचारांच्या दुष्परिणामांनी दोघींची श्रवणशक्ती गेली होती. अर्ज मंजूर झाला असता, तर अर्ज करणाऱ्या कंपनीची मक्तेदारी २०२७ पर्यंत लांबली असती. मूळ रेणूचं पेटंट २०२३ च्याच जुलैत संपलं आणि भारतीय कंपन्यांना ते औषध बनवण्याची वाट मोकळी झाली.