स्वतंत्र पक्षाची आघाडी आणि शेतकऱ्याचा सातबारा

अनेक भाषा आणि अनेक प्रांत यांचे प्रतिनिधित्व करणाऱ्या संसदेत स्थितीवादी गटांची आघाडी उभारणे दिसते तितके सोपे नसते. समाज बदलू पाहणाऱ्यांना आपल्याला काय आणावयाचे आहे, हे एका घोषणेत सांगता येते. जे आहे ते राखू पाहणाऱ्यांपुढे मात्र पहिलाच प्रश्न उभा राहतो, की राखावयाचे ते काय? प्रत्येक प्रांतात त्याचे उत्तर वेगळे असते. 1959 ते 1974 या काळातील स्वतंत्र पक्षाचा इतिहास हा या प्रश्नाचाच इतिहास होय. अजिंठ्याच्या डोंगररांगांलगतच्या सोयगावसारख्या कापूस पिकविणाऱ्या तालुक्यात या पक्षाने कधी मूळ धरले नाही. तथापि ज्या प्रश्नातून तो जन्मास आला, तो प्रश्न तेथील प्रत्येक सातबाऱ्याशी निगडित आहे.

जानेवारी 1959 मध्ये नागपूर येथे भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाने संयुक्त सहकारी शेतीचा ठराव केला. शेतकऱ्याची जमीन एकत्र करून ती सामुदायिक रीतीने कसावी, ही त्यामागील कल्पना. त्याच वर्षी राजाजी, प्रा. रंगा, मिनू मसानी आणि कन्हैयालाल मुनशी यांनी नवा पक्ष स्थापन केला व ऑगस्टमध्ये त्याची पहिली परिषद मुंबईस भरली. ज्या ठरावाने पक्षास निमित्त दिले तो नागपूरचा. पक्षाची पहिली परिषद मुंबईची. पण लोकसभेच्या 1962, 1967 आणि 1971 या तिन्ही निवडणुकांत महाराष्ट्राने या पक्षास एकही जागा दिली नाही!

सहकाराचे दोन अर्थ

याचे कारण महाराष्ट्राच्या अनुभवात सापडते. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभ्या केलेल्या सहकारी साखर कारखान्यात ऊस गाळणे सामुदायिक होते; उसाचे शेत मात्र ज्याचे त्याचेच राहिले. त्यामुळे 'सहकार' हा शब्द ऐकून आपली जमीन जाणार, असे येथील बागाईतदारास वाटले नाही. मराठवाड्याची कथा निराळी. निजामी राजवटीतील जहागिरी 1949 साली संपुष्टात आल्या आणि स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालील मुक्तिसंग्रामातून आलेली पिढी काँग्रेसमध्ये, समाजवाद्यांत वा कम्युनिस्टांत विभागली गेली. जुन्या सरंजामदारांच्या आधाराने पक्ष उभा राहावा, अशी भूमीच येथे उरली नव्हती.

इतरत्र तशी भूमी होती. ओरिसात संस्थानिकांची गणतंत्र परिषद पक्षात विलीन झाली. राजस्थानात जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी आल्या. गुजरातेत पाटीदार शेतकरी, आंध्रात रंगांचे अनुयायी, मुंबईत उद्योगपती आणि निवृत्त सनदी अधिकारी मिळाले. 1962 साली पक्षाचे 18 खासदार निवडून आले. 1967 साली ही संख्या 44 झाली आणि स्वतंत्र हा लोकसभेतील सर्वांत मोठा विरोधी पक्ष ठरला. त्यात मराठी माणसे नव्हती असे नाही. ग्वाल्हेरच्या विजयाराजे शिंदे त्या वर्षी गुना येथून याच पक्षातर्फे निवडून आल्या. सनदी सेवेतून आलेले नारायण दांडेकर प्रथम गोंड्याहून व नंतर जामनगरहून लोकसभेत गेले. मुंबईचे माजी महापौर असलेल्या मसानींनाही राजकोटचा आश्रय घ्यावा लागला.

संसदेतील या पक्षाचे काम मोलाचे होते, हे त्याच्या विरोधकांनीही मान्य करावे. लोकलेखा समितीचे अध्यक्षपद भूषविणारे पहिले विरोधी सदस्य मसानी होत. 1964 च्या सतराव्या घटनादुरुस्तीने रयतवारी जमिनी 'इस्टेटी'च्या व्याख्येत आल्या, तेव्हा या पक्षाने कडाडून विरोध केला. त्याच दुरुस्तीत, स्वतः कसत असलेली आणि कमाल मर्यादेच्या आतील जमीन बाजारभावाने मोबदला दिल्याखेरीज घेता येणार नाही, अशी तरतूद झाली. ती आजही राज्यघटनेत आहे.

परंतु आघाडीचे सांधे कच्चे होते. राजाजी हिंदीच्या सक्तीविरुद्ध उभे होते आणि मद्रासेत त्यांचा सहकारी द्रमुक होता. तर उत्तरेत पक्षाचा हात हिंदीच्या कैवारी जनसंघाच्या हातात होता. पुढे बँकांचे राष्ट्रीयीकरण आणि संस्थानिकांचे तनखे हे वादाचे विषय झाले. तेव्हा मालमत्तेचा हक्क म्हणजे राजांचा तनखा आणि धनिकांचे भागभांडवल, असे समीकरण लोकमानसात रुजले. चार एकरांच्या धन्याचा हक्क त्यात झाकोळला गेला. 1971 साली संघटना काँग्रेस, जनसंघ, संयुक्त समाजवादी आणि स्वतंत्र यांची 'बडी आघाडी' झाली. तिचा एकमेव समान धागा इंदिरा गांधींना विरोध हा होता. स्वतंत्रचे 44 चे 8 झाले. मसानींनी अध्यक्षपद सोडले, राजाजी 1972 च्या डिसेंबरात निवर्तले आणि 1974 साली पक्ष चरणसिंगांच्या भारतीय लोकदलात विलीन झाला.

विलीनीकरणाची किंमत

युरोपीय संसदेतील अनुभव या संदर्भात उद्बोधक आहे. तेथे गट स्थापण्यास अनेक देशांचे सदस्य असावे लागतात. म्हणून आघाडी ही निकडच असते. ब्रिटनचे हुजूर सदस्य 1992 साली ख्रिस्ती लोकशाहीवाद्यांच्या गटात सामील झाले. पण युरोपच्या एकीकरणाविषयी मतभेद कायमच होते, म्हणून 2009 साली त्यांनी पोलंड व चेक देशांतील पक्षांसह वेगळा गट काढला. 2020 साली ब्रिटनच युरोपीय संघाबाहेर पडला. गट मात्र टिकला. ज्या मुद्द्यावर वेगळे झालो तो मुद्दा कोणता, हे त्याच्या घटक पक्षांस ठाऊक होते.

आपल्याकडे नेमके तेच विसरले गेले. 1978 च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून वगळला. ही दुरुस्ती जनता सरकारने केली. भारतीय लोकदल त्या जनता पक्षात सामील होता आणि एकेकाळचे स्वतंत्र पक्षाचे नेते एच. एम. पटेल त्या सरकारात अर्थमंत्री होते. ज्या हक्कासाठी पक्ष जन्मला, तो हक्क गेला तेव्हा त्याचे वारसदार सत्तेत होते!

1994 साली शरद जोशी यांनी स्वतंत्र भारत पक्ष काढून ते नाव पुन्हा महाराष्ट्रात आणले, आणि या वेळी आधार राजवाड्यांचा नव्हे, तर कापूस-कांद्याच्या शेतकऱ्यांचा होता. त्यालाही लोकसभेत बळ मिळाले नाही. तरीही प्रश्न संपलेला नाही. धरण, रस्ता वा वसाहतीसाठी सोयगावच्या शेतकऱ्याची जमीन उद्या मागितली गेली, तर संसदेत त्याच्या वतीने बोलणारा कोण? संख्येची बेरीज करणाऱ्या आघाड्या या देशाने पुष्कळ पाहिल्या. आपण कशासाठी एकत्र आलो हे सत्तेच्या दारातही विसरणार नाही, अशी आघाडीच त्या शेतकऱ्याच्या उपयोगी पडेल.