किरणोत्सर्गाची मर्यादा आणि तिचे मोल

आमच्या शाळेतून बाहेर पडलेले काही विद्यार्थी आज रुग्णालयांच्या क्ष-किरण विभागांत तंत्रज्ञ म्हणून काम करतात. अशाच एका विद्यार्थ्याला आम्ही छातीवर लावावयाच्या मापक बिल्ल्याविषयी विचारले. "सर, तो खणातच असतो," असे तो सहज बोलून गेला. त्या एका वाक्यामुळे हा लेख लिहिणे आम्हांस आवश्यक वाटले.

क्ष-किरण व गॅमा किरण यांच्या अंगी अणूतील इलेक्ट्रॉन बाहेर फेकण्याची शक्ती असते. शरीरातून जाताना ते पेशीतील डीएनएचे धागे तोडतात. बहुतेक तुटलेले धागे पेशी स्वतःच सांधते. सांधता आले नाहीत तर पेशी मरते, आणि चुकीचे सांधले गेले तर ती दोष घेऊन जगते. म्हणून परिणामही दोन प्रकारचे असतात. अल्प काळात फार मोठी मात्रा मिळाल्यास असंख्य पेशी मरतात. त्वचा भाजते, केस गळतात, रक्तपेशी घटतात, प्रसंगी मृत्यू ओढवतो. लहान मात्रेने तत्काळ काहीच जाणवत नाही; मात्र पुढे अनेक वर्षांनी कर्करोग होण्याची शक्यता किंचित वाढते. मात्रा वाढेल तशी ही शक्यताही वाढते, असे गृहीत धरूनच सुरक्षेचे नियम केले जातात.

हे ज्ञान केवळ प्रयोगशाळेतून आलेले नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमयुक्त रंग भरण्याचे काम तरुण मुली करीत. कुंचल्याला टोक यावे म्हणून तो ओठांत धरण्यास त्यांना शिकविले गेले होते. कॅल्शियमप्रमाणेच रेडियमही हाडांत साठते. त्यांचे जबडे सडले, हाडे ठिसूळ झाली, अनेकींचा अंत झाला. त्यांपैकी पाचजणी न्यायालयात गेल्या आणि १९२८ मध्ये तडजोड होऊन त्यांना भरपाई मिळाली. १९४१ मध्ये शरीरातील रेडियमची मर्यादा ठरविताना अशा कामगारांच्या देहांवरील नोंदीच आधार ठरल्या.

आज आपल्या देशात अणुऊर्जा नियामक मंडळाने किरणोत्सर्गाशी संबंधित कामगारांसाठी सलग पाच वर्षांत १०० मिलिसिव्हर्ट, म्हणजे सरासरी वर्षाला २०, आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट ही मर्यादा घातली आहे. सामान्य जनतेसाठी ती वर्षाला १ मिलिसिव्हर्ट आहे. माती, आकाश व अन्न यांतून निसर्गतः मिळणारी मात्रा जगात सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट असते. ती आणि रुग्ण म्हणून घेतलेली मात्रा या मर्यादेत धरली जात नाही. त्यामुळे डॉक्टरांनी आवश्यक म्हणून सांगितलेला एक्स-रे पालकांनी भीतीपोटी टाळू नये.

परंतु मर्यादा कागदावर असून भागत नाही. २०१० मध्ये दिल्ली विद्यापीठातील एक जुने गॅमा यंत्र लिलावातून मायापुरीच्या भंगार बाजारात गेले. आत कोबाल्ट-६० आहे हे ते फोडणाऱ्यांना ठाऊक नव्हते. अनेकजण गंभीर आजारी पडले, एकाचा मृत्यू झाला. नियम अस्तित्वात होता. तो त्या श्रमिकांपर्यंत पोहोचला नव्हता.

आमच्या विद्यार्थ्यांपर्यंत तो पोहोचला आहे, म्हणूनच त्यांची जबाबदारी मोठी आहे. किरणांजवळ कमीत कमी वेळ थांबावे, अंतर राखावे, शिशाचा आडोसा घ्यावा. स्रोतापासूनचे अंतर दुप्पट केल्यास मात्रा सुमारे एक-चतुर्थांश होते. बिल्ला किरण अडवीत नाही, तो केवळ मोजतो. पण खणातला बिल्ला खणाचीच मात्रा मोजणार. उद्या काही बिघडले, तर कामगाराच्या बाजूने साक्ष देणारी नोंद तीच. ज्या मुलींच्या हाडांनी ही मर्यादा लिहिली, त्यांच्यापाशी असा बिल्ला नव्हता. तुमच्यापाशी आहे, तो छातीवर लावा, आणि आपल्या मात्रेचा अहवाल दरवेळी मागून घ्या.