खोल पाण्यातील गळ

मासे धरण्याचा विषय आमच्या वाचकांच्या घरी कितपत रुचेल, अशी शंका कोणी घेतल्यास ती अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही. ज्यांच्या स्वयंपाकघरात मासळीचा वासही वर्ज्य, अशी कुटुंबे आमच्या वाचकवर्गात पुष्कळ आहेत. परंतु जी विद्या आपल्या पानात काही वाढीत नाही ती जाणूनही घेऊ नये, असा नियम आपल्या पूर्वजांनी तरी केलेला दिसत नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात 'मानसोल्लास' नावाचा विस्तृत संस्कृत ग्रंथ रचला. त्यात राज्यकारभार, पाकशास्त्र, संगीत यांच्या जोडीला 'मत्स्यविनोद' हेही एक प्रकरण आहे. माशांच्या जाती, त्यांचे आवडते आमिष, काठी, दोरी आणि गळ यांचा विचार राजाने त्यात मोठ्या आस्थेने केला आहे. हा ग्रंथ श्रीगोंदेकरांनी संपादून बडोद्याच्या गायकवाड प्राच्यग्रंथमालेत १९२५ पासून प्रसिद्ध केला, आणि मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या प्रकरणावर स्वतंत्र निबंध लिहिला. ज्या विषयासाठी राजाने लेखणी उचलली, त्यासाठी आम्ही दोन पाने खर्चिली तर वाचक रागावणार नाहीत, अशी आशा आहे.

बीड जिल्हा म्हटला की डोळ्यांपुढे अवर्षण उभे राहते, मासे नव्हेत. तथापि या जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते. बिंदुसरा आणि सिंदफणा याच भूमीतून जातात. आणि मांजरा तर बालाघाटच्या डोंगरात येथेच उगम पावते. या नद्यांचे डोह भोई समाजाच्या पिढ्यान्‌पिढ्या ओळखीचे. पुढे धरणे झाली. मांजरेवर धनेगावचे धरण झाले आणि सिंदफणेवरील माजलगावचे धरण १९८७ साली पूर्ण झाले. जेथे एका काठावरून मारलेली हाक दुसऱ्या काठावर ऐकू येई, तेथे दृष्टी पोहोचणार नाही एवढे पाणी पसरले. डोहातली विद्या या नव्या पाण्याला अपुरी पडू लागली, आणि कमरेइतक्या पाण्यात जाळे फेकणाऱ्याला काठ सोडून खोल पाण्यात जाण्याचे नव्याने शिकावे लागले.

काठावरच्या मासेमारीत डोळा हा गुरू असतो. लव्हाळ्यात मरळ दडते, बुडालेल्या बाभळीच्या सावलीला मासा विसावतो, हे पाहून कळते. खोल पाण्यात मात्र वर पाहावे तो सगळीकडे सारखीच लाट. नवशिक्याला वाटते, एवढ्या पाण्यात मासा कोठेही असेल. म्हणून तो कोठेही गळ टाकतो आणि रिकाम्या हाताने परततो. वस्तुस्थिती अशी की पाणी सर्वत्र सारखे दिसले तरी तळ सारखा नसतो, आणि मासा तळाच्या मानाने राहतो. जुन्या नदीपात्राची कड, बुडालेला बांध, पडक्या विहिरीचे कठडे, झाडांचे खुंट अशा ठिकाणी त्याला आसरा आणि खाद्य मिळते. अमेरिकेतील सरोवरांत 'बास' नावाचा मासा धरणारे हौशी लोक काठ सोडून आत जाताना हाच धडा प्रथम गिरवतात. त्या नावाशी नाते सांगणारा आपला मासा म्हणजे कोकणातला जिताडा. इंग्रजीत त्याला आशियाई समुद्री बास म्हणतात. त्याची वीण खाऱ्या पाण्यात होते, म्हणून तो बीडच्या जलाशयात आपल्या पायांनी, म्हणजे परांनी, येऊन पोहोचणे शक्य नाही. मासा निराळा असला तरी विद्या तीच.

या विद्येचा पहिला पाठ खोली मोजण्याचा. आपल्याकडे विहीर परसाने मोजतात. जलाशयही तसाच मोजावा. दोरीला शिशाचा गोळा बांधावा, हाताहातावर गाठी माराव्यात आणि होडी हळूहळू पुढे नेत दोरी सोडीत जावे. गोळ्याच्या बुडाला मेण किंवा साबण चोपडला तर तळाची माती, वाळू अथवा शिंपले त्याला चिकटून वर येतात. जुने दर्यावर्दी हीच युक्ती करीत. चार हातांवर लागणारा तळ एकाएकी आठ हातांवर गेला, की कड सापडली असे समजावे. मग ती जागा पुन्हा कशी सापडावी? देवळाचा कळस आणि त्यामागचा डोंगर एका रेषेत आणावेत. दुसऱ्या अंगाला एखादे लिंबाचे झाड आणि खांब एका रेषेत धरावेत. दोन रेषा जेथे छेदतात तेथे आपली जागा. शाळेत भूमिती शिकणाऱ्या मुलांना हे उदाहरण अवश्य सांगावे.

दुसरा पाठ थरांचा. कटल्याचे तोंड वर वळलेले असते, कारण तो वरच्या थरातले सूक्ष्म जीव खातो. रोहू मधल्या थरात वावरतो. मृगळाचे तोंड खाली, म्हणून तो तळाशी चरतो. शिवडा मात्र इतर मासे गिळणारा. त्याला पिठाच्या गोळ्याचे आकर्षण नाही. यावरून गळ किती खोल सोडावा आणि त्याला शेंगदाण्याची पेंड व ज्वारीचे पीठ लावावे की गांडूळ, हे ठरते. भर उन्हाळ्यात अगदी खोल, निश्चल पाण्याच्या तळाशी प्राणवायू कमी पडतो. तेव्हा सर्वांत खोल जागा सर्वांत चांगली, हा समज खरा नव्हे.

तिसरा पाठ संयमाचा, आणि तो सर्वांत महत्त्वाचा. कटला, रोहू, मृगळ यांना अंडी घालण्यास पावसाळ्यातील वाहते पाणी लागते. धरणाच्या साचलेल्या पाण्यात त्यांची वीण सहसा होत नाही. १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओरिसातील अंगुल येथे पीयूषिका ग्रंथीच्या अर्काने या जातीच्या माशांची वीण घडवून आणली. तेव्हापासून मत्स्यबीज तयार करून जलाशयात सोडण्याचा मार्ग मोकळा झाला. म्हणजे हे पाणी एका अर्थी पेरलेले शेत आहे. बारीक आसाच्या जाळ्याने बोटभर पिल्ले उपसणारा दुसऱ्याचे उभे पीक कापतो. मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमारांच्या सहकारी संस्थांकडे असतो. हौशी मनुष्याने त्यांची अनुमती घेतल्यावाचून गळ टाकू नये. तसेच वळवाच्या दिवसांत दुपारनंतर वारा केव्हा उठेल याचा नेम नसतो. अंगात तरंगते जाकीट आणि बरोबर माहीतगार मनुष्य असल्यावाचून काठ सोडणे हे धाडस नव्हे, अविचार होय.

आता एक गोष्ट आमच्या मनाला विशेष लागून राहिली आहे, ती सांगतो. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरेचे धरण आटले आणि लातूरकरांची तहान मिरजेहून आगगाडीने आणलेल्या पाण्यावर भागवावी लागली. संकट घोर होते. पण जलाशय उघडा पडतो तेव्हाच त्याचा तळ डोळ्यांना दिसतो. कोठे जुना रस्ता, कोठे ओढा, कोठे विहीर, याचा नकाशा अशा वेळी काढून ठेवणारा मनुष्य पुढे भरल्या पाण्यावर आंधळा राहत नाही. तरी असा नकाशा काढण्यासाठी दुष्काळाची वाट कशाला पाहावी? ज्यांनी त्या तळावर नांगर धरला, त्या विहिरींचे पाणी शेंदले आणि मग ती जमीन पाण्याखाली जाताना पाहिली, ती माणसे अजून कित्येक घरांच्या ओसरीवर बसलेली आहेत. माजलगावचे धरण भरले तेव्हा जी ऐन पंचविशीत होती, त्यांनी आता साठी ओलांडली आहे. आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी असे आजोबा अथवा आजी असतील, त्यांनी या सुट्टीत मुलांच्या हाती कागद-पेन्सिल देऊन त्यांना शेजारी बसवावे आणि बुडालेल्या शिवाराचा नकाशा बांधाबांधाने उतरवून घ्यावा. मासा मिळो वा न मिळो, ते शिवार निदान कागदावर तरी राहील.