जिप्सीची घरघर: गिअरबॉक्स खराब आहे की ट्रान्सफर केस? मोबाइलने, कानाने आणि हाताने केलेलं निदान

मामाच्या जुन्या जिप्सीतून तीसच्या वर स्पीड गेला की खालून घरघर यायची. चाळीसला तिच्यात 'हूंऽऽ' असा सूर मिसळायचा आणि साठला गप्पा मारणं मुश्किल. गॅरेजवाल्याने एक चक्कर मारली आणि निकाल दिला, "गिअरबॉक्स गेला. पूर्ण खोलावा लागेल." कोटेशन ऐकून मामा गाडी विकायच्या गोष्टी करायला लागला. जुन्नरकडच्या कच्च्या रस्त्यांवर त्याचं सगळं काम याच गाडीवर, त्यामुळे मी म्हटलं, "मामा, दोन दिवस दे मला. काय बिघडलंय ते आधी नक्की करू, मग ठरव."

दोन दिवसांचे पाच दिवस झाले, ते सोडा. पण गिअरबॉक्सला हात लावावा लागला नाही. दोष त्याच्या मागच्या डब्यात, म्हणजे ट्रान्सफर केसमध्ये होता. तो कसा सापडला आणि उघडल्यावर काय काय केलं, ते सांगतो.

आधी हा डबा समजून घ्या

फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीत गिअरबॉक्समधून येणारी ताकद पुढच्या आणि मागच्या अशा दोन अ‍ॅक्सलकडे वाटायची असते. ते काम ट्रान्सफर केस करते. शिवाय तिच्यात 'लो' गिअर असतो. तो टाकला की गाडी हळू चालते, पण ओढ भरपूर मिळते.

बऱ्याच गाड्यांत ही केस गिअरबॉक्सच्या शेपटाला थेट बोल्टने जोडलेली असते. जिप्सीत ती वेगळी, चॅसिसला रबरी माउंटांवर टांगलेली असते आणि गिअरबॉक्स व ती यांच्यामध्ये एक छोटा प्रॉपेलर शाफ्ट असतो. या वेगळेपणामुळेच माझं निदान सोपं झालं, ते पुढे कळेलच.

आत तीन मजले आहेत असं समजा. पहिला इनपुट शाफ्ट, जो गिअरबॉक्सकडून ताकद घेतो. दुसरा काउंटर गिअर. तो स्वतःच्या न फिरणाऱ्या शाफ्टवर, सुईसारख्या बारीक रोलरांवर फिरतो. तिसरा आउटपुट, ज्याची टोकं पुढच्या आणि मागच्या प्रॉपेलर शाफ्टला जातात. हाय असो वा लो, ताकद काउंटर गिअरमधूनच जाते. म्हणजे गाडी चालू असेपर्यंत त्याला सुट्टी नाही.

काही आधुनिक गाड्यांच्या ट्रान्सफर केसमध्ये गिअरऐवजी चेन असते. ती सैल पडली की जोर लावताना 'कट्-कट्' करून दात सोडते. तो आजार वेगळा आहे, इथे आपण गिअरवाल्या केसबद्दल बोलतोय.

आवाजाची भाषा

बारीक, सुरात येणारा 'हूंऽऽ' बहुतेक वेळा गिअरच्या दातांचा असतो. खरखरीत घरघर बेअरिंगची. ॲक्सिलरेटर सोडताना किंवा दाबताना एकदाच 'टक्' वाजलं, तर शाफ्टचा क्रॉस किंवा स्प्लाइन ढिली असण्याची शक्यता जास्त. आणि हो, गिअरवाली ट्रान्सफर केस थोडी गुणगुणतेच. नव्या गाडीसारखी शांतता तिच्याकडून मागू नका. प्रश्न आवाज आहे का हा नसतो, तो वाढतोय का आणि त्याचा पोत बदललाय का, हा असतो.

आमच्याकडे 'हूं' आणि घरघर दोन्ही होते. मला तेव्हा वाटलं दोन वेगळे आजार आहेत. नव्हते.

मोबाइलने काय सांगितलं

मी आधी व्हॉइस नोट रेकॉर्ड करून मित्रांना पाठवली. तो वेळ वायाच गेला, कारण बोलण्यासाठी बनवलेलं रेकॉर्डिंग सतत चालणाऱ्या घरघरीला गोंगाट समजून दाबू शकतं. मग फायफॉक्स हे फुकटचं ॲप टाकलं. जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठात बनलेलं आहे, आणि त्यात आवाजाचा स्पेक्ट्रम दिसतो, म्हणजे कोणत्या हर्ट्झला किती जोर आहे त्याचा आलेख. त्याच ॲपमध्ये फोनच्या हादऱ्याचा स्पेक्ट्रमही आहे, पण गिअरच्या आवाजाला तो फारसा कामाचा नाही. हादरा मोजणारा सेन्सर सेकंदाला साधारण काहीशेच वेळा मोजतो, आणि जितक्या वेळा मोजतो त्याच्या निम्म्या हर्ट्झपर्यंतचंच खरं दिसतं. माइक मात्र सेकंदाला हजारो वेळा मोजतो. त्यामुळे इथे माइकच वापरा.

आता हिशोब बघा. चाकाचा घेर २.१ मीटर धरला, तर ४० किमी वेगाला चाक सेकंदाला साधारण ५.३ वेळा फिरतं. डिफरन्शियलचा रेशो हिशोबापुरता ४ धरू. मग प्रॉपेलर शाफ्ट सेकंदाला सुमारे २१ वेळा फिरेल. त्या शाफ्टवर ३० दातांचा गिअर असेल तर २१ गुणिले ३०, म्हणजे ६३० हर्ट्झच्या आसपास सूर येईल. ६० किमीला तोच सूर साधारण ९४५ हर्ट्झला सरकेल. तुमच्या गाडीचे खरे आकडे सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळतील.

खरं सांगायचं तर मी या आकड्यांच्या जरा जास्तच प्रेमात पडलो. आलेखात चार-पाच शिखरं होती. टायर, पत्रा, इंजिन, सगळेच आपापलं वाजवत होते आणि कोणतं शिखर कोणाचं हे सांगता येईना. उपयोगी पडली ती याहून साधी चाचणी. मोकळ्या रस्त्यावर, फोन शेजारी बसलेल्याच्या हातात देऊन, मी एकदा तिसऱ्या गिअरमध्ये बरोबर ४० ने गाडी चालवली आणि एकदा चौथ्यात. वेग तोच, पण इंजिनचे फेरे वेगळे. इंजिनची शिखरं जागा सोडून हलली. आमचं 'हूं'चं शिखर मात्र होतं तिथेच राहिलं.

म्हणजे हा आवाज इंजिनच्या फेऱ्यांशी नाही, गाडीच्या वेगाशी बांधलेला आहे. गिअरबॉक्समधला पुढचा, इंजिनच्या बाजूचा भाग इथेच बराचसा सुटला. आता उरले गिअरबॉक्सचं शेवटचं बेअरिंग, छोटा शाफ्ट, ट्रान्सफर केस, लांब शाफ्ट, डिफरन्शियल आणि चाकं.

'एन'ची चाचणी

जिप्सीच्या छोट्या लिव्हरवर टू-एच, फोर-एच, एन आणि फोर-एल अशा जागा असतात. यातला 'एन' बहुतेकांना माहीत असतो, पण वापरत कोणी नाही. निदानासाठी तो सोन्यासारखा आहे.

एक इशारा आधी. ट्रान्सफर 'एन'मध्ये असताना गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवली तरी इंजिन तिला धरून ठेवत नाही. उतारावर ती सरळ पळेल. सपाट जागा शोधा, चारही चाकांना दगड लावा, हँडब्रेक ओढा आणि चाचणी चालू असताना कोणालाही गाडीखाली जाऊ देऊ नका.

मग 'एन' टाकला, मोठा लिव्हर गिअरमध्ये घालून क्लच सोडला. गाडी जागेवर उभी, चाकं, लांब शाफ्ट आणि डिफरन्शियल सगळे गप्प. फिरत होते फक्त गिअरबॉक्स, छोटा शाफ्ट, ट्रान्सफरचा इनपुट, काउंटर गिअर आणि आउटपुटवरचे मोकळे गिअर. इंजिन जरा चढवलं आणि तीच घरघर आली! 'हूं' फारसं नव्हतं, कारण दातांवर भार नव्हता. मग गिअरबॉक्सही न्यूट्रल केला. आवाज बंद.

एका फटक्यात अर्धी गाडी संशयातून बाहेर. टायर बदलायचा खर्च वाचला, कारण मामाला शेजाऱ्याने तोही सल्ला दिला होता.

शेवटी हातानेच

आता प्रश्न उरला, गिअरबॉक्सचं शेवटचं बेअरिंग की ट्रान्सफर? इंजिन बंद, गाडी थंड, घोडीवर नीट टेकवलेली. नुसत्या जॅकवर टेकवून खाली जाऊ नका. छोट्या शाफ्टचं ट्रान्सफरकडचं टोक सोडवलं. सोडवण्याआधी दोन्ही फ्लँजवर रंगाची एक रेघ मारली, म्हणजे परत तिथल्या तिथेच बसवता येतो.

ट्रान्सफर 'एन'मध्ये ठेवून इनपुट फ्लँज हाताने फिरवला. रवाळ पिठात हात घालावा तशी करकर बोटांना जाणवली. छोट्या शाफ्टवरून गिअरबॉक्सकडची बाजू फिरवून पाहिली, तर ती लोण्यासारखी. गिअरबॉक्स निर्दोष सुटला. मामाला खाली बोलावून त्याचा हात फ्लँजवर ठेवला. तो काही बोलला नाही, फक्त गॅरेजवाल्याचं कोटेशन खिशातून काढून टूलबॉक्समध्ये टाकलं.

मग ड्रेन प्लग काढला. ऑइल जेमतेम चहाच्या दोन कपांइतकं, काळं, त्यात चंदेरी चमक. ही केस मागच्या आउटपुट सीलमधून बरेच महिने थेंब थेंब गळत होती आणि आम्ही अंगणातले डाग इंजिनच्या नावावर खपवत होतो. चूक आमची होती.

उघडताना आणि जोडताना

केस काढायला दोघं लागतात, वजन फसवं असतं. लांब शाफ्ट, स्पीडोमीटरची केबल, फोर-व्हीलच्या दिव्याची वायर, लिव्हर आणि मग माउंट. मी प्रत्येक पायरीला फोटो घेतला आणि तेव्हाचे बोल्ट त्याच नंबरच्या पिशवीत टाकले. फोनचा सगळ्यात मोठा उपयोग मला इथे झाला, ॲपपेक्षाही. शिफ्ट फोर्कचे दांडे बाहेर ओढताना सावध राहा. त्यांना जागेवर अडवणाऱ्या छोट्या गोळ्या आणि स्प्रिंग टपकन उडतात. एक गोळी आम्ही तासभर शोधली, ती चपलेखाली सापडली.

आत दोन आजार नव्हते, एकच होता. काउंटर गिअरचे सुई-रोलर झिजून चपटे झाले होते आणि त्यांचा शाफ्ट खड्ड्याखड्ड्यांचा. त्याची घरघर. आणि आधार ढिला झाल्यामुळे काउंटर गिअर भाराखाली तिरका होऊन दात नीट जुळत नव्हते, तेच 'हूं'. दात घासलेले होते, पण कडा तुटलेल्या नव्हत्या म्हणून गिअर ठेवले. पाकळी उडालेली दिसली असती तर जोडीने बदलले असते, कारण नवा दात जुन्या दाताशी पटत नाही. हे असंच चालवलं असतं तर रोलर तुटून गिअरमध्ये अडकायची आणि घाटात मागची चाकं एकदम जाम व्हायची भीती होती.

काउंटर शाफ्ट, सुई-रोलर, थ्रस्ट वॉशर, इनपुट-आउटपुटची बेअरिंगं, सगळे सील आणि गॅस्केट नवे घेतले. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, जुनं घेऊनच दुकानात जा. नकली माल खूप आहे. खोक्यावरची आणि बेअरिंगवरची अक्षरं जुळतात का ते बघा.

बेअरिंग बसवायला आम्ही टर्नरकडे प्रेसवर गेलो. नियम एकच लक्षात ठेवा. शाफ्टवर बसवताना जोर आतल्या रिंगवर, खोबणीत बसवताना बाहेरच्या रिंगवर. उलटं केलं तर गोळ्यांमधून दाब जातो आणि नवं बेअरिंग पहिल्याच दिवशी जखमी. सुई-रोलर ग्रीसने चिकटवून ठेवले तर बसवताना घरंगळत नाहीत. सीलच्या ओठाला ग्रीस लावलं. फ्लँजचे नट आणि बाकीचे बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळले. 'हाताला कळतं' म्हणणाऱ्यांचं मी इथे ऐकत नाही. झाकण लावायच्या आधी इनपुट हाताने फिरवून चारही जागा टाकून पाहिल्या. हे विसरलात तर पुन्हा सगळं खाली उतरवायचं.

ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच, आमच्याकडे ८०डब्ल्यू-९०. सपाट जागेवर फिलर भोकातून ओघळेपर्यंत भरलं. चेनवाल्या केसमध्ये वेगळं तेल लागू शकतं, तिथे गिअर ऑइल ओतू नका.

पहिल्या चक्करला मी पुन्हा ४० ने तिसऱ्यात आणि चौथ्यात रेकॉर्डिंग केलं. घरघर गेली होती. 'हूं'चं शिखर आहे अजून, पण बरंच बुटकं, आणि मामाला ते ऐकूच येत नाही. ५०० किमीनंतर ऑइल काढून बदललं, प्लगला पिठासारखा बारीक राखाडी थर होता, चकाकणारे तुकडे नव्हते. एकूण खर्च गिअरबॉक्सच्या कोटेशनच्या चौथ्या हिश्शाच्याही आत बसला. मामा आता दर रविवारी अंगणात वाकून डाग शोधतो.