‘अतिआत्मविश्वास’ हे कारण की लेबल? पानिपतचं उदाहरण

बोईसरहून पश्चिमेला समुद्राकडे गेलात की तारापूरचा किल्ला लागतो. जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेनं तो पोर्तुगीजांकडून घेतला. बाजी भिवराव रेठरेकर तिथेच पडले. मे महिन्यात वसईही आली. याच चिमाजींचा मुलगा सदाशिवरावभाऊ. १४ जानेवारी १७६१ ला तो पानिपतावर हरला.

मग आपण लिहून मोकळे होतो: बापानं नियोजन केलं, मुलाला अतिआत्मविश्वास नडला. पण वसईतही माणसं अतोनात पडली. वेढा फसला असता तर तिथेही हेच लेबल चिकटवलं असतं ना? निकालावरून कारण ठरवणं ही संशोधनातली नेहमीची चूक.

त्यापेक्षा एकेक निर्णय सुटा करा आणि विचारा: त्या दिवशी त्याला काय माहीत होतं?

पैसा: भाऊला चणचण पक्की माहीत होती. गोविंदपंत बुंदेल्यांकडे पैशासाठी तगादा चालू होता. दिल्लीत दिवाण-ए-खासचं चांदीचं छत काढून नाणी पाडली. याला अतिआत्मविश्वास म्हणता येणार नाही, ही ओढाताण झाली.

नदी: ऑक्टोबर १७६० मध्ये भाऊ उत्तरेला कुंजपुऱ्याकडे गेला आणि ठाणं जिंकलं. तेवढ्यात अब्दाली बागपतजवळ यमुना उतरला आणि दिल्लीची वाट अडली. पाणी अजून मोठं आहे, तो उतरणार नाही, यावर विसंबणं: लेबल लावायचंच तर इथे लावा.

रसद: अब्दालीची रसद तोडण्याची मुख्य भिस्त गोविंदपंतांवर. डिसेंबरात ते मारले गेले. त्यांचा मृत्यू अचानक आला, पण त्यांच्यानंतर कोण, याची सोय नसणं हा नियोजनातला दोष. शिवाय छावणीत यात्रेकरू आणि कुटुंबं, म्हणजे खाणारी तोंडं लढणाऱ्यांहून कितीतरी जास्त.

बघा, एका शब्दाचे तीन वेगळे प्रश्न झाले, आणि प्रत्येकाला पुरावा वेगळा लागतो. म्हणून आधी राजवाड्यांनी छापलेली त्या काळातली पत्रं वाचा, बखर नंतर. पत्र लिहिणाऱ्याला शेवट माहीत नसतो, बखरकाराला असतो.

तुमच्या प्रपोजलमध्ये ‘अतिआत्मविश्वासामुळे’ असं वाक्य असेल तर आजच त्याखाली तारीख, निर्णय आणि निकालाआधीचा पुरावा लिहून बघा. तीनपैकी एक रकाना रिकामा राहिला, तर तुमचं कारण अजून सापडलेलं नाही.